साध्या जीवांचे वार्धक्य : प्रथिनांची निगा, अग्नी आणि रसायनाचा काल

जरा ही व्याधी मानावी की स्वभाव, हा प्रश्न आयुर्वेदाच्या अभ्यासकास नवा नाही. सुश्रुताने क्षुधा, पिपासा, निद्रा व मृत्यू यांच्यासह जरेची गणना स्वभावबलप्रवृत्त व्याधींत केली आणि त्यांचे कालकृत व अकालकृत असे दोन भेद सांगितले. चरकाने स्वाभाविक व्याधींना निष्प्रतिक्रिय म्हटले आणि तरीही चिकित्सास्थानाचा आरंभ रसायनाध्यायानेच केला. या दोन विधानांत वरवर विरोध दिसतो. तो खरा विरोध नव्हे, हे आपण गुरुमुखातून ऐकलेले असते. परंतु रोजच्या व्यवहारात, विशेषतः रसायनकल्प तयार करताना आणि विकताना, त्याचा विसर पडतो.

गेल्या हेमंत ऋतूत एका औषध-प्रतिनिधीने आमच्याकडे आवळ्याच्या एका कल्पाचे रंगीत पत्रक आणून दिले. पत्रकावर एका कृमीचे सूक्ष्मदर्शकातील चित्र, शेजारी चढत जाणारी रेषा आणि खाली आयुष्यवर्धक गुण विज्ञानाने सिद्ध झाल्याचा मजकूर होता. पुढे नगरमधील मासिक अभ्यासबैठकीत तेच पत्रक आणखी दोघा वैद्यांच्या पिशवीतून निघाले. एका ज्येष्ठ वैद्यांनी विचारले, "कृमीचे आयुष्य वाढले, हे मान्य. पण त्यावरून मी माझ्या रुग्णास नेमके काय सांगावे?" त्या दिवशी कोणालाच समाधानकारक उत्तर देता आले नाही, आम्हालाही नाही. प्रस्तुत लेख हा त्यानंतर केलेल्या वाचनातून सिद्ध झाला आहे.

संधानपात्रातील जीव

औषधी निर्मात्यांच्या नित्य परिचयाच्या जीवापासून आरंभ करू. आसवारिष्टांच्या पात्रात गुळासाखरेचे मद्य करणारे किण्व, म्हणजे यीस्ट, हा एकपेशीय जीव आहे. मातृपेशीस कळी फुटते, ती वाढून कन्यापेशी होते व विलग होते. मातृपेशी असे अनंत काळ करीत राहत असेल अशी समजूत होती. १९५९ साली मॉर्टिमर व जॉन्स्टन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कन्यापेशी बाजूला काढीत मोजणी केली, तेव्हा मातृपेशी सुमारे २५ वेळा प्रसवते आणि मग थांबते असे आढळले. म्हणजे यीस्टलाही वार्धक्य आहे.

या वार्धक्यात पेशीच्या आत काय घडते? पेशीतील बहुतेक सर्व कामे प्रथिने करतात. प्रथिन म्हणजे विशिष्ट घडी घातलेली साखळी. घडी बिघडली की काम बिघडते. ऑक्सिडीकरणाने विकृत झालेली प्रथिने मातृपेशी स्वतःजवळ ठेवते आणि कन्यापेशीस निर्मळ आरंभ मिळतो, हे २००३ साली दाखवले गेले. आई झिजते व लेक कोरी जन्मते.

याहून लक्षणीय निरीक्षण २०१२ मधील आहे. यीस्टच्या पेशीत रिक्तिका नावाची एक पिशवी असते. तिच्यातील द्रव आम्ल असतो. जुनी प्रथिने तेथे पचवली जातात आणि त्यांचे घटक साठवले जातात. ह्यूज व गॉट्श्लिंग या अमेरिकी संशोधकांना असे आढळले, की मातृपेशीच्या रिक्तिकेची आम्लता तिच्या आयुष्याच्या पूर्वार्धातच मंदावते. त्यानंतर ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका बिघडू लागतात. आम्लता टिकवून धरली तर आयुष्य वाढते, आणि माध्यमातील साखर कमी केली तरीही ती आम्लता टिकते. कन्यापेशीत आम्लता पुन्हा पूर्ववत असते.

हे वाचताना कोणाही वैद्याच्या मनात अग्निमांद्य हा शब्द उमटल्यावाचून राहणार नाही. आमच्याही मनात उमटला. पचन मंदावते, मग बल जाते, आणि हे सारे वळी-पलित दिसण्याच्या कितीतरी आधी घडते. हा क्रम आपल्या ओळखीचा आहे. परंतु रिक्तिकेची आम्लता म्हणजे जाठराग्नी नव्हे, धात्वग्नीही नव्हे. साम्य क्रमात आहे, वस्तूत नाही. दोन शास्त्रांचे शब्द एकमेकांवर चिकटवण्याची घाई आपल्या अनेक लेखांत दिसते. त्याने आयुर्वेदाचे काही सिद्ध होत नाही आणि जीवशास्त्राचे आकलनही अर्धवट राहते.

विनाशासही श्रम लागतात

चरकाने सूत्रस्थानाच्या १६ व्या अध्यायात स्वभावोपरमाचा विचार मांडला आहे. धातूंच्या उत्पत्तीस हेतू लागतो. त्यांचा उपरम मात्र स्वभावाने होतो, त्यास निराळा हेतू शोधण्याचे कारण नाही. मग अग्निवेश विचारतो, की सर्व आपोआप नाश पावणारच असेल तर वैद्याचे कर्म कोणते? पुनर्वसूंच्या उत्तराचा आशय असा, की विषम धातूंची परंपरा पुढे चालू न देणे आणि सम धातूंची परंपरा राखणे, हीच चिकित्सा. प्रथिनांच्या चयापचयाचा अभ्यास करताना हा प्रश्नोत्तरांचा प्रसंग आम्हांस वारंवार आठवला. कारण पेशीतील प्रथिने सतत मोडली जातात व नव्याने घडवली जातात. कालचे शरीर आज जसेच्या तसे नसते.

मात्र येथे एक महत्त्वाचा भेद आहे. पेशीतील जुने प्रथिन केवळ काळाच्या ओघात विरून जात नाही. त्यावर युबिक्विटिन नावाची खूण लावली जाते, खूण झालेले प्रथिन प्रोटिओसोम या यंत्रणेत तोडले जाते, आणि या साऱ्यासाठी पेशीस ऊर्जा खर्चावी लागते. या शोधासाठी सीचानोव्हर, हर्श्को व रोझ यांना २००४ सालचा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. पेशी स्वतःचेच जीर्ण भाग पिशवीत गुंडाळून पचवते ती स्वभक्षणाची क्रिया ओसुमी यांनी यीस्टमध्येच उलगडली. त्यांना २०१६ सालचे वैद्यकाचे नोबेल मिळाले. थोडक्यात, पेशीच्या पातळीवर मोडणे हेही एक कर्म आहे. वार्धक्यात मोडतोड वाढते अशी आपली सामान्य समज असते. साध्या जीवांत बहुतांशी उलट दिसते : मोडण्याचे काम मंदावते, जुने जागेवरून हलत नाही आणि नव्याला वाव मिळत नाही.

गोलकृमीतील मोजदाद

सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा मातीत राहणारा, सुमारे १ मिलिमीटर लांबीचा गोलकृमी. प्रौढ उभयलिंगी कृमीच्या देहात प्रजननपेशी वगळता बरोबर ९५९ पेशी असतात, आणि प्रौढावस्थेत त्या विभाजित होत नाहीत. म्हणून हा कृमी वार्धक्याच्या अभ्यासास सोयीचा. नवी पेशी आणण्याचा मार्ग बंद असल्याने जुन्या पेशींची निगा हाच त्याचा एकमेव उपाय. मनुष्याच्या मेंदूतील बहुतेक पेशींची आणि हृदयाच्या स्नायूची स्थिती फारशी वेगळी नाही. नेत्रभिंगाच्या गाभ्यातील प्रथिने तर जन्मापासून बदलतच नाहीत; ती गढूळ होतात तेव्हा आपण लिंगनाशाची चिकित्सा करू लागतो.

हा कृमी दोन-तीन आठवडे जगतो. १९९३ साली सिंथिया केन्यन यांच्या प्रयोगशाळेत डॅफ-२ या एकाच जनुकात बदल असलेले कृमी दुपटीहून अधिक जगल्याचे आढळले, आणि वार्धक्याचा वेग बदलता येतो ही कल्पना रूढ झाली. हे जनुक इन्शुलिनसदृश संदेश ग्रहण करणाऱ्या प्रथिनाचे आहे. म्हणजे आहाराची विपुलता पेशीला कळवणाऱ्या यंत्रणेचा आयुर्मानाशी निकट संबंध आहे. संतर्पणजन्य व्याधींची चिकित्सा करणाऱ्यांना याचे फारसे आश्चर्य वाटू नये.

पुढे प्रथिनांची मोजदाद झाली. २०१५ मधील एका मोठ्या अभ्यासात कृमीच्या पाच हजारांहून अधिक प्रथिनांचे प्रमाण आयुष्यभर मोजले गेले. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश प्रथिनांचे प्रमाण वयानुसार दुप्पट तरी वाढले किंवा निम्म्यावर तरी आले. जी प्रथिने ठरावीक प्रमाणात एकत्र येऊन काम करतात त्यांचे परस्परांतील प्रमाण ढळते, आणि अनेक प्रथिनांच्या न विरघळणाऱ्या गाठी होतात. २०१७ मधील दुसऱ्या अभ्यासात सुमारे ४० टक्के प्रथिनांची उलाढाल वयाबरोबर क्रमशः मंदावल्याचे आढळले. लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी, की प्रोटिओसोम-यंत्रणेच्या स्वतःच्या प्रथिनांची उलाढाल मात्र चांगली टिकून होती. शरीर शेवटपर्यंत आपल्या झाडूवाल्यांना जपते, असे म्हणावेसे वाटते.

गाठी म्हणजे आम, असे समीकरण मांडण्याचा मोह येथे होतो. तो आवरावा. कारण दीर्घायुषी डॅफ-२ कृमींतही गाठी आढळल्या, आणि त्यांत प्रथिनांची घडी सांभाळणाऱ्या लहान उष्णताघात-प्रथिनांचे प्रमाण जास्त होते. म्हणजे काही गाठी हा दोष नसून दोष एका जागी बांधून ठेवण्याची शरीराची युक्ती असू शकते. गाठ दिसली की विरघळवा, असे म्हणणारे औषध कृमीसही हितकर ठरेलच असे नाही.

सर्वांत विचारप्रवर्तक निरीक्षण वयाविषयी आहे. उष्णतेचा आघात झाला असता कृमीच्या पेशी संरक्षक प्रथिने तयार करतात. लबाडिया व मोरिमोटो यांनी २०१५ साली दाखवले, की कृमी प्रौढ होऊन प्रजननास सिद्ध होताच, अवघ्या काही तासांत, ही क्षमता निम्म्याहून खाली येते. कृमी त्या वेळी पूर्ण तरुण असतो. हालचाल उत्तम, भूक उत्तम, अंडी भरपूर. पण निगेची यंत्रणा आत मंदावलेली. प्रजननपेशींकडून येणारा संदेश याचे कारण होय. शार्ङ्गधराने दर दशकास एकेका भावाचा ऱ्हास सांगितला आणि तो पहिल्या दशकापासूनच मोजला, याची येथे आठवण होते. केस पिकल्यावर जरा सुरू होत नाही.

यावरून शुक्ररक्षणाचा थेट सिद्धांत काढू पाहणाऱ्यांसाठी एक इशारा. कृमीच्या केवळ प्रजननपेशी काढल्या तर आयुष्य वाढते. परंतु संपूर्ण जननग्रंथीच काढली तर वाढत नाही. हे १९९९ पासून ज्ञात आहे. निसर्गातील हिशेब आपल्या प्रवचनाइतके सरळ नसतात.

पुण्याच्या हायड्राचे उदाहरण

आपल्या महाराष्ट्रात ज्या साध्या जीवावर दीर्घकाळ अभ्यास झाला, तो हायड्रा. गोड्या पाण्यात पाणवनस्पतींना चिकटून राहणारा हा काही मिलिमीटर लांबीचा जीव; नळीसारखे अंग आणि मुखाभोवती शुंडके. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील हायड्राचे वर्णन व वंशनिश्चिती करून २०११ साली ती प्रसिद्ध केली. तो वाण हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे या नावाने ओळखला जातो. याच गटाने २०१३ साली पुण्याच्या हायड्रात डीएनए-दुरुस्तीच्या एका जनुकाचे वर्णन केले. माणसात ज्या दुरुस्ती-मार्गातील बिघाडामुळे सूर्यप्रकाश न सोसण्याचा दारुण त्वग्रोग होतो, तोच मार्ग या चिमुकल्या जीवातही आहे.

हायड्रा व्हल्गॅरिस प्रयोगशाळेत म्हातारा होत नाही. मार्टिनेझ यांनी १९९८ साली चार वर्षांच्या निरीक्षणावरून हे सांगितले. पुढे २०१५ साली दोन हजारांहून अधिक हायड्रांच्या आठ वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यांत वयाबरोबर मृत्युप्रमाण वाढलेले दिसले नाही. कारण त्याच्या देहातील मूळपेशी सतत विभाजित होत राहतात, जुन्या पेशी शुंडकांच्या व पायाच्या टोकाकडे सरकून गळून पडतात, आणि काही आठवड्यांत सारे अंग नवे होते.

परंतु त्याचाच सगोत्र हायड्रा ऑलिगॅक्टिस म्हातारा होतो. पाणी थंड केले की त्याच्यात जननग्रंथी येतात, आणि मग काही महिन्यांत शुंडके आखडतात, भक्ष्य पकडता येत नाही, मृत्यू येतो. या दोन भावंडांत भेद कोणता? हायड्रा ऑलिगॅक्टिस उष्णताघात-प्रथिने तयार करू शकत नाही, त्याचा भाऊ करू शकतो, हे १९८८ सालीच नोंदवले गेले होते. आणि २०२० मधील अभ्यासात, थंडीने म्हाताऱ्या होणाऱ्या वाणाच्या मूळपेशींत स्वभक्षणाची क्रिया दुर्बल असल्याचे आढळले. म्हणजे सांभाळणारेही नाहीत आणि झाडणारेही अपुरे. एकाच कुळातील दोन जीव, एकाच तळ्यातील आहार. एकास जरा आहे, दुसऱ्यास नाही, आणि भेदाची जागा पुन्हा प्रथिनांची निगा हीच.

आमलकी रसायन आणि माशी

आता त्या पत्रकाकडे वळू. अतिपक्व केळी-पेरूंवर घोंगावणारी फळमाशी, ड्रॉसोफिला, ही प्रयोगशाळेत सुमारे दोन महिने जगते. डॉ. म. शं. वल्यथन यांच्या पुढाकाराने चाललेल्या संशोधन-उपक्रमात बनारस हिंदू विद्यापीठातील प्रा. सु. चं. लखोटिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशीवर आमलकी रसायन व रससिंदूर हे दोन कल्प तपासले. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कल्प कोट्टक्कलच्या आर्य वैद्यशाळेतील तज्ज्ञांच्या सहभागाने तयार झाले होते. त्यातील एखादे 'कार्यकारी द्रव्य' वेगळे न काढता संपूर्ण कल्पच अन्नात अर्धा टक्का मिसळून दिला गेला. आमच्या मते या संशोधनाची खरी थोरवी येथेच आहे.

दोन्ही कल्पांनी उष्णता सोसण्याची शक्ती वाढली. माशीची मध्यक आयुर्मर्यादा व उपवास सोसण्याची शक्ती मात्र केवळ आमलकी रसायनाने वाढली, रससिंदुराने नाही. अळीच्या अवस्थेपासून आमलकी रसायन दिले असता प्रजननक्षमता वाढली. केवळ प्रौढ माशीस दिले असता वाढली नाही. रससिंदुराच्या बाबतीत हे नेमके उलट घडले. २०१३ मधील पुढील अभ्यासात, मज्जापेशींत विकृत प्रथिनांच्या गाठी होणाऱ्या माश्यांत या कल्पांनी ऱ्हास रोखला आणि युबिक्विटिन-प्रोटिओसोम यंत्रणेचे कार्य सुधारले. रससिंदुराने माशीत पाऱ्याची विषबाधा दिसली नाही, असेही त्यात नमूद आहे. परंतु ते विधान माशीपुरते व त्या विशिष्ट, शास्त्रोक्त सिद्ध कल्पापुरते आहे. रसौषधी विकणाऱ्यांनी ते मनुष्यासाठीचे अभयपत्र समजू नये.

मनुष्यातील पुरावा यापेक्षा पुष्कळ तोकडा आहे. २०१७ साली मणिपाल येथील गटाने ४५ ते ६० वयाच्या निरोगी व्यक्तींना कोष्ठशुद्धीनंतर आमलकी रसायन दिले. रक्तपेशींतील टेलोमरेजची क्रिया वाढली. गुणसूत्रांच्या टोकांची लांबी मात्र बदललेली आढळली नाही. एवढेच. तेव्हा ज्येष्ठ वैद्यांच्या प्रश्नास आमचे उत्तर असे : या कल्पाने माशीचे आयुष्य वाढले आणि तिच्या पेशींतील प्रथिनांची निगा सुधारली, हे सांगावे, आपले आयुष्य वाढेल, असे सांगू नये. पत्रकावरील चढती रेषा रुग्णापुढे धरू नये.

दुसरी गोष्ट कालाची. रसायन पूर्व किंवा मध्यम वयात द्यावे, आणि शुद्ध देहास द्यावे, मळक्या वस्त्रास रंग चढत नाही, हे आपण पाठ केलेले आहे. कृमीत निगेची यंत्रणा तारुण्याच्या आरंभीच मंदावते आणि माशीत अळीपासून दिलेल्या रसायनाचे फळ वेगळे मिळते, ही निरीक्षणे त्या वचनाकडे पुन्हा पाहण्यास लावतात. प्रत्यक्षात आम्ही काय करतो? निवृत्तिवेतन सुरू झालेले गृहस्थ हिवाळ्यात दुकानात येतात, त्यांना आम्ही डबा देतो. पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीस गेलेली, चैत्राच्या सुमारास परतलेली चाळिशीची स्त्री गुडघे धरून समोर बसते. हात भेगाळलेले, दृष्टी मंद, वय विचारल्याशिवाय कळू नये. अकालज जरेचे याहून स्पष्ट चित्र जिल्ह्यात शोधून मिळणार नाही. तिला आम्ही लेप आणि गुग्गुळ देऊन पाठवतो. रसायनाचा विचार तिच्याबाबत मनात येत नाही, कारण ती ते मागत नाही.

भावनांची वही

चरकाच्या प्राणकामीय पादात आमलकचूर्णास आवळ्याच्याच स्वरसात २१ रात्री भिजवण्याचे विधान आहे. स्वरसासाठी ताजा आवळा हवा, तो येथे हिवाळ्यातच. आणि प्रत्येक भावनेनंतर चूर्ण नीट सुकले पाहिजे. आमच्या लहानशा औषधशाळेत एके वर्षी मार्गशीर्षात अवकाळी पाऊस लागला. बारावी भावना सुकेना, चूर्णास वास येऊ लागला. तेवढा घाणा टाकून दिला. आधी वेगळे काढून ठेवलेले ११ भावनांचे चूर्ण मात्र मधुघृतासह सिद्ध केले आणि त्यावर नेहमीचेच लेबल लावले. कोणा ग्राहकाने तक्रार केली नाही. करणार तरी कशी? ११ आणि २१ यांतील भेद जिभेला कळत नाही.

ती गोष्ट इतकी वर्षे आम्ही कोणास सांगितली नव्हती. बनारसचा प्रयोग वाचताना ती टोचू लागली. माशीस जे दिले गेले ते शास्त्रोक्त सिद्ध झालेले रसायन होते. आमच्या त्या वर्षीच्या डब्यात जे होते त्यावर कोणताही प्रयोग झालेला नाही, आणि तरीही बनारसच्या यशाचा आधार घेऊन ते विकता आले असते. वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली ज्या नगरमध्ये आयुर्वेद महाविद्यालयाची स्थापना केली आणि ज्यांनी औषधींच्या गुणधर्मांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्याच नगरमध्ये आम्ही शिकलो. गुणधर्म द्रव्याचा असतो तसा संस्काराचाही असतो, हे आम्हांस माशीने पुन्हा सांगावे लागले.

आता औषधशाळेत एक वही टांगली आहे. प्रत्येक भावनेची तिथी, स्वरसाचे वजन, सुकण्यास लागलेले दिवस आणि करणाऱ्याची सही तीत असते. डब्यावर भावनांची संख्या छापली जाते. कमी झाल्या तर कमी छापतो आणि किंमतही उतरवतो. गेल्या मोसमात अकोल्याच्या डोंगरातील रानआवळा थोडा मिळाला, उरलेला कर्जतकडील बागेतील कलमी होता. दोन्हींचे घाणे वेगळे ठेवले आहेत. कलमी आवळ्याचा घाणा १७ भावनांवर थांबला. रानआवळ्याची २१ वी भावना माघ वद्य पंचमीस पूर्ण झाली.